हाकाटीनंतरचा हिशेब

गेल्या वर्षीची गोष्ट. प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला एका विद्यार्थिनीच्या हातून तापमापी निसटली आणि फरशीवर फुटली. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात पाऱ्याच्या जुन्या तापमाप्या अजून चार-दोन उरल्या होत्या, त्यांतलीच ती एक. चांदीचे मणी ओघळावेत तसा पारा टेबलांखाली पळाला. दोघे-तिघे विद्यार्थी लगेच खाली बसून ते मणी बोटाने एकमेकांत मिसळू लागले. तेवढ्यात आमचे प्रयोगशाळा साहाय्यक "मुट्टब्याड्री! हात लावू नका!" असे दोन्ही भाषांत ओरडत आले. त्यांनी खिडक्या उघडल्या आणि जिथे जिथे पारा दिसला तिथे गंधकाची पूड टाकली. मुले हिरमुसली. त्यांना रागावण्याचा अधिकार मला नव्हता. त्यांच्या वयाचा असताना आजीच्या डब्यातला तांब्याचा पैसा पारा चोळून 'चांदीचा' करून दाखवण्यात मी स्वतः तरबेज होतो.

त्या दिवशी प्रात्यक्षिक बाजूला ठेवले आणि मुलांना कोडाईकनालची हकीकत सांगितली. सांगता सांगता आमच्याच गावातले एक प्रकरण मनात डोकावू लागले, आणि तास संपला तेव्हा मुलांपेक्षा मीच अधिक अस्वस्थ होतो. त्या अस्वस्थतेतून हा लेख लिहीत आहे.

समाजमाध्यमांच्या जोरावर कंपन्यांना निसर्गाशी नीट वागायला लावता येते काय, हा विषय हल्ली वादविवाद स्पर्धेत हटकून असतो. बाजूने बोलणारा टाळ्या घेतो, विरुद्ध बोलणारा ढाल घेऊन जातो आणि प्रश्न जिथल्या तिथे राहतो. माझे उत्तर 'होय' असे आहे. मात्र हे 'होय' फुकट मिळत नाही. त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहिल्याशिवाय आपण टाळ्या वाजवू नयेत, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी कोडाईकनाल. तामिळनाडूतील पलनी डोंगरावरचे हे थंड हवेचे ठिकाण. आपल्या सह्याद्रीच्याच दक्षिणेकडील एका फाट्यावर वसलेले. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतला एक तापमाप्यांचा कारखाना तिथून उचलून इथे आणण्यात आला. पुढे तो हिंदुस्थान लिव्हर या, म्हणजे युनिलिव्हरच्या भारतीय शाखेच्या ताब्यात आला. पारा बाहेरून आणायचा, काचेच्या नळ्यांत भरायचा आणि तयार माल बहुतांशी परदेशी रवाना करायचा, असे काम. मार्च २००१ मध्ये गावातल्या एका भंगाराच्या आवारात पाऱ्याने माखलेल्या काचेचा ढीग लोकांना सापडला. मोर्चा निघाला आणि कारखाना बंद पडला, तो कायमचा. २००३ मध्ये २९० टन पारामिश्रित भंगार अमेरिकेला परत पाठवण्यात आले.

भंगार परत गेले. पण ज्यांच्या हातांनी तो पारा हाताळला होता ती माणसे गावातच होती. माजी कामगार २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेले. पाऱ्यामुळे आपली प्रकृती ढासळली असे कामगार म्हणत होते. कामगारांच्या आरोग्याला अपाय झाल्याचे कोणत्याही पाहणीत आढळले नाही, असे कंपनी म्हणत होती. तारखा पडत राहिल्या.

जुलै २०१५ च्या अखेरीस चेन्नईच्या सोफिया अश्रफ या तरुण गायिकेचे एक गाणे यूट्यूबवर आले. निकी मिनाज या अमेरिकन गायिकेच्या एका गाजलेल्या गाण्याच्या चालीवर तिने कोडाईकनालची कहाणी बांधली होती आणि कंपनीचे नाव घेऊन जाब विचारला होता. थोड्याच दिवसांत लाखो लोकांनी ते पाहिले. खुद्द निकी मिनाजने ते पुढे पाठवले. युनिलिव्हरच्या जागतिक प्रमुखांना ट्विटरवर उत्तर द्यावे लागले. आणि मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली. दोष कबूल केला नाही, रक्कम जाहीर केली नाही. परंतु पैसे दिले.

वर्गात इथवर सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे कोर्टात दहा वर्षं गेली, आणि गाण्यानं आठ महिन्यांत काम केलं की सर!"

सगळेच असे म्हणतात. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले होते. पण ५९१ या आकड्याकडे नीट पाहा. तो आकडा गाण्यात नाही. कोण कोणत्या विभागात किती वर्षे कामाला होता, कोणाला कधीपासून कोणता त्रास आहे, कोण वारला, त्याच्या मागे कोण उरले, याच्या याद्या कोणीतरी वर्षानुवर्षे करत होते. कोणीतरी मातीचे नमुने गोळा करत होते, अर्ज लिहीत होते, मदुराई-चेन्नईच्या वाऱ्या करत होते. गाणे आले तेव्हा ही सामग्री तयार होती. दारूगोळा भरलेला होता, गाण्याने बत्ती दिली. नुसती बत्ती असती तर फुलबाजीइतकाच उजेड पडला असता.

दुसरे असे की, कामगारांचा प्रश्न सुटला तरी मातीचा सुटला नाही. कारखान्याच्या आवारातील माती किती स्वच्छ करायची, यावर वाद सुरूच राहिला. किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत पारा मातीत राहू देण्याचे प्रमाण ठरवले गेले. युरोपात याच कंपनीला एवढी सूट मिळाली असती काय, असे आंदोलकांनी विचारले. २०१८ मध्ये सोफिया अश्रफने कर्नाटक संगीतातले नामवंत गायक टी. एम. कृष्णा यांना सोबत घेऊन याच विषयावर दुसरे गाणे केले. पहिल्या गाण्याइतका गाजावाजा त्याचा झाला नाही. अन्याय तोच, गाव तेच, गायिका तीच. पण 'मातीतील पाऱ्याचे प्रमाण' या विषयावर मान डोलवणारे श्रोते थोडे. लोकांचे लक्ष हे पावसाळी ओढ्यासारखे असते. येते तेव्हा पूल वाहून नेते आणि गेल्यावर पाय भिजवायलाही उरत नाही.

कंपन्या अशा पुराला भितात का? आमच्या वाणिज्य विभागातील एक सहकारी म्हणतात, "कंपनीला बदनामीची भीती नसते, बदनामीच्या खर्चाची असते." मला हे पटते. याचा उत्तम दाखला म्हणजे २०१० चे किटकॅट प्रकरण. इंडोनेशियातील जंगले तोडून तिथे पाम तेलाच्या बागा लावल्या जात होत्या आणि ओरांगउटान या वानराचे घर नष्ट होत होते. त्या व्यवहारात नाव होते सिनार मास या उद्योगसमूहाचे. आता सिनार मासवर बहिष्कार घालायचा तर कसा? तुम्ही-आम्ही सिनार मासकडून काही विकत घेत नाही. ग्रीनपीस या संघटनेने म्हणून गिऱ्हाईकच धरले. सिनार मासचे पाम तेल नेस्ले घेत होती. मार्च २०१० मध्ये ग्रीनपीसने किटकॅटच्या जाहिरातीचे एक विडंबन प्रसिद्ध केले. कचेरीत कंटाळलेला एक माणूस वेष्टन फाडतो आणि चॉकलेटच्या कांडीऐवजी ओरांगउटानचे बोट चावतो. कंपनीने ती चित्रफीत यूट्यूबवरून काढायला लावली. ती दहा ठिकाणी पुन्हा उगवली. लोकांनी कंपनीचे बोधचिन्ह बदलून तिच्या फेसबुकवरील पानावर गर्दी केली. तिथल्या कारभाऱ्याने लोकांनाच दरडावले, आणि आगीत तेल पडले. तेही पाम तेलच म्हणायचे! दोन महिन्यांत, म्हणजे १७ मे २०१० रोजी, जंगलतोडीतून आलेला माल घेणार नाही, असे नेस्लेने जाहीर केले. पुढच्याच वर्षी सिनार मासच्या पाम तेल कंपनीलाही जंगल राखण्याचे धोरण आखावे लागले.

नाक दाबले की तोंड उघडते, ही आपली म्हण इथे तंतोतंत लागू पडते. मात्र नाक नेमके कोणाचे दाबायचे, हे त्या संघटनेने आधी शोधून काढले होते. कोणाचा माल, कोणत्या जहाजाने, कोणाच्या चॉकलेटात जातो, याची साखळी तिने कडी-कडी करून जुळवली होती. आणि तरीही पुढचा भाग विसरू नये. त्याच २०१० साली ग्राहकोपयोगी वस्तूंच्या बड्या कंपन्यांच्या जागतिक संघटनेने ठराव केला होता की २०२० पर्यंत आपल्या व्यवहारातील जंगलतोड निव्वळ शून्यावर आणू. २०२० साल आले आणि गेले. ते वचन पुरे झाले नाही. त्या दिवशी दहा ठिकाणी चित्रफीत उगवली नाही.

आता आमच्या गावचे प्रकरण. इथे मी कोणाचेही नाव घेणार नाही. एक नाव मात्र घ्यायला हवे, ते माझे स्वतःचे.

काही वर्षांपूर्वी आमच्या काही विद्यार्थ्यांनी शहराच्या कडेच्या एका ओढ्याची चित्रफीत काढली. धातूच्या सुट्या भागांना क्रोमचा मुलामा देणारा एक लहान कारखाना तिथे आहे. त्याच्या मागच्या नळीतून पिवळेजर्द पाणी ओढ्यात पडताना दिसत होते. चित्रफीत तीन दिवस गावभर फिरली. मीही ती "आमच्या मुलांचा अभिमान वाटतो" असे लिहून चार गटांत पाठवली. मी रसायनशास्त्र शिकवतो. ते पिवळे पाणी काय असू शकते हे मला पाहताक्षणी कळायला हवे होते, आणि कळलेही होते. पण एक बाटली भरून आणून तपासावी, असे मला सुचले नाही. 'पुढे पाठवा' हे बटण बाटलीपेक्षा जवळ होते.

परिणाम झाला. तो कारखाना स्वतःचा माल विकत नाही. एका मोठ्या कंपनीचे जॉबवर्क करतो. त्या कंपनीने एक अक्षरही न बोलता आपले काम दुसऱ्या गावच्या कारखान्याकडे वळवले. इथला कारखाना पाच आठवडे बंद राहिला. अकरा कामगार घरी बसले. आम्ही म्हटले, बघा, कंपनीला वठणीवर आणले!

सहाव्या आठवड्यात द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. फी दोन हप्त्यांत भरली तर चालेल काय, असे विचारत होता. मी कारण विचारले. तो म्हणाला, "पप्पा त्या क्रोमच्या कारखान्यात कामाला हायत सर."

मला काय बोलावे सुचेना. मी म्हटले, "मग त्या चित्रफितीचा तुम्हाला त्रासच झाला म्हणायचा."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मीबी फॉरवर्ड केलो की सर ते. पाणी पिवळं येतंय ते खरंच हाय. पप्पांच्या हातावर खड्डे पडल्यात."

क्रोमिक आम्लात काम करणाऱ्यांच्या हातांवर अशा खोल, लवकर न भरणाऱ्या जखमा होतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. ज्याच्या बापाला त्या कारखान्याचा सर्वांत अधिक अपाय होत होता, त्याच्याच घरची चूल कारखाना बंद झाल्यावर पहिली थंडावली. आणि तरी खरे ते खरे म्हणण्याचे धैर्य त्याने दाखवले होते. आम्ही बाकीच्यांनी काय पणाला लावले होते? फार तर मोबाइलची बॅटरी.

पुढे गलबला शमला, काम परत आले, कारखाना सुरू झाला. तेव्हा कुठे मी विद्यार्थ्यांना घेऊन बाटल्यांसह ओढ्यावर गेलो. प्रयोगशाळेत आणून नमुन्यात आम्ल आणि डायफिनाइल कार्बाझाइड घातल्याबरोबर तो जांभळा झाला. षट्संयुजी क्रोमियमची ही ओळखीची खूण. ओढ्यात किंवा नदीत सोडायच्या सांडपाण्यात ते लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमहून अधिक असू नये, असा नियम आहे. आमच्या कलरीमीटरवर ते त्याच्या कितीतरी पट निघाले. म्हणजे पाच आठवड्यांची उपासमार होऊन पाण्याचा रंग बदललाच नव्हता. दुसरी चित्रफीत कोणी काढली नाही. जुन्या बातमीला कोण विचारतो?

मी कारखान्याच्या मालकांना भेटलो. वाद घालायच्या तयारीने गेलो होतो, तर त्यांनी चहा मागवला. पाणी शुद्ध करण्याची रीत त्यांना माझ्याइतकीच ठाऊक होती. आम्लात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी करायचे, मग चुन्याने त्याचा साका खाली बसवायचा, आणि तो गाळ घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी पाठवायचा. यात गुपित काही नाही. खर्च मात्र आहे. मालक म्हणाले, "टाकी बसवायला मी तयार हाय सर. पण एका नगामागं मला मिळतंय किती, ते एकदा त्या साहेब लोकांना विचारा की."

मालकांना मी दोषमुक्त करत नाही. पिवळे पाणी त्यांच्याच नळीतून येते आणि कामगारांच्या हातात मोजे नाहीत ते त्यांच्यामुळेच. पण आम्ही नाक दाबले ते चुकीच्या माणसाचे, हेही खरे. काम देणाऱ्या कंपनीचे तोंड बंद ते बंदच राहिले. तिने हात झटकले आणि दुसऱ्या गावच्या ओढ्याकडे वळली. तिथले पाणी कोणत्या रंगाचे आहे ते कोणी पाहिले नाही.

मग करायचे काय? हाकाटी करू नये, असे मी म्हणत नाही. हाकाटीवाचून कोडाईकनालचे ५९१ कामगार अजूनही तारखाच मोजत असते. माझे म्हणणे एवढेच की हाकाटीच्या आधी बाटली हवी आणि हाकाटीच्या नंतर वही हवी. बोंब मारण्याआधी तपासा. पाण्यात काय आहे, किती आहे, तो माल शेवटी कोणाच्या नावाने विकला जातो. प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या कारखान्याला कोणत्या अटींवर परवानगी दिली आहे, ते माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली साध्या अर्जावर मागता येते. शेअर बाजारातील पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल दरवर्षी छापावा लागतो. तो कोणालाही वाचायला मिळतो. आमच्या त्या मोठ्या कंपनीचाही अहवाल आहे. मुखपृष्ठावर हिरवे पान आहे, आत झाडे लावल्याची छायाचित्रे आहेत. मी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. क्रोमचा मुलामा कुठे चढतो, याचा त्यात उल्लेख नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी असे अहवाल वाचावेत, विज्ञान शाखेच्यांनी पाणी तपासावे, आणि कला शाखेच्यांनी गाणे करावे. तिन्ही शाखा एका प्रश्नावर एकत्र आलेल्या मी या महाविद्यालयात अजून पाहिलेल्या नाहीत. आणि खरी ताकद तिथेच आहे.

मागणीही नेमकी हवी. 'कारखाना बंद करा' असे लिहिणे सोपे असते, कारण बंद होणारा कारखाना आपला नसतो. आम्ही आता त्या मोठ्या कंपनीला लिहिले आहे की जॉबवर्कच्या दरात पाणी शुद्ध करण्याचा खर्च धरा, कामगारांना मोजे आणि वैद्यकीय तपासणी द्या, आणि तोवर इथले काम हलवू नका. पत्राखाली एकतीस विद्यार्थ्यांच्या सह्या आहेत. पहिली सही कोणाची, ते सांगायला नको. सोबत तपासणीचे आकडे जोडले आहेत. दोन पत्रांना उत्तर आले नाही. तिसरे पत्र रजिस्टर पोस्टाने गेले आहे. याही वेळी उत्तर आले नाही तर सर्व आकडे कंपनीच्या नावासह समाजमाध्यमांवर मांडायचे, असे मुलांनी ठरवले आहे. तेव्हा मात्र मी चार गटांत पाठवून थांबणार नाही.

दरम्यान रसायनशास्त्र विभागात एक वही सुरू झाली आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघे विद्यार्थी ओढ्यावर जातात, एक बाटली नळीच्या वरच्या अंगाने आणि एक खालच्या अंगाने भरून आणतात, आणि आकडा तारखेसह लिहितात. नोंदी मराठीत आणि कन्नडमध्ये, ज्याची पाळी त्याच्या भाषेत असतात. आजवर नऊ नोंदी झाल्या. नवव्या नोंदीचा आकडा पहिलीपेक्षा थोडा कमी आहे. पण तो पावसाच्या पाण्याने की मालकांच्या चुन्याने, हे उन्हाळ्याशिवाय कळणार नाही.

या कामाला टाळ्या नाहीत. ते कोणी पाहत नाही, कोणी पुढे पाठवत नाही. पुढच्या वर्षी वही धरणारे हात बदलतील, कारण तिसऱ्या वर्षाची मुले निघून जातील. म्हणून ही जाहीर विनंती आहे. ज्यांना शनिवारी सकाळी दोन तास मोकळे असतील, त्यांनी विभागात येऊन नाव द्यावे. मोजे आम्ही देऊ.